सोबतीला कोण

“बोटीवर तुमच्यातलं कुणी आजारी पडलं, तर जवळच्या बंदरावर उतरवतात,” सोमनाथ म्हणाला. “तिथल्या दवाखान्यात ॲडमिट करतात. बोट काही थांबत नाही. बोट पुढं जाते.”

“आन् पेशंट?” नवसाबाईने विचारलं.

“पेशंट मागं राहतो, काकू. म्हणून तर विमा काढायचा.”

चौघी जावा त्याच्या टेबलासमोर ओळीने बसल्या होत्या. ऑफिस म्हणजे पंचवटीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. सोमनाथ त्यांच्याच गावचा, त्यामुळे विमानाचं तिकीट असो की गाडीचा विमा, गावाचं पाऊल त्याच्याच जिन्यावर पडायचं. जिना मात्र उभा आणि अरुंद. थोरल्या धोंडाबाईचे गुडघे कधीचे गेलेले. मधल्या सिंधुबाईने तिच्या काखेत हात घालून तिला वर आणलं होतं, आणि अजून तिचा स्वतःचा श्वास जागेवर आला नव्हता. बाकीच्या दोघी पुढे येऊन पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसल्या होत्या.

मखमलाबादच्या पुढे यांची फुलशेती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चार घरं झाली, विहिरीवरच्या पाळ्या ठरल्या, पण बांधावरची शेवंती तेवढी वाटली गेली नाही. बांधावरची फुलं बायकांची, हा सासूबाईंच्या वेळचा नियम. पुरुषांनी त्या फुलांना हात लावायचा नाही आणि त्यांच्या पैशाला तोंड लावायचं नाही. त्या पैशातून चौघींनी आजवर भांडी घेतली, देवदेव केला. यंदा धाकट्या शुभांगीने मोबाइलवर एक बोट पाहिली. सिंगापूरहून निघते, मलेशियाला जाते, एवढी उंच की बघताना मान दुखावी, आणि सगळ्यात वर पोहायचा तलाव. पोहता चौघींपैकी एकीलाही येत नव्हतं. पण जायचं ठरलं. “बायकांची शेवंती चालली समुद्रात,” म्हणून घरचे पुरुष हसले, आणि त्यांच्या हसण्यामुळेच ते जास्त पक्कं झालं.

“विमे दोन प्रकारचे आहेत,” सोमनाथ सांगू लागला. “एक साधा. दवाखान्याचा खर्च मिळतो, बस. दुसरा सोबतीचा. त्यात पेशंटबरोबर एक जण बोटीवरून उतरतो. त्याचं राहणं, जेवण, दोघांचं परतीचं विमान, सगळं कंपनीकडं. ज्याचं नाव दिलंय त्यालाच उतरू देतात. परक्या मुलखात एकटं पडायचं नसेल तर दुसरा घ्या.”

“दुसराच,” तिघी एकदम म्हणाल्या.

“मग नावं सांगा. कुणासोबत कोण उतरणार?”

“माझ्यासोबत सिंधूताई,” शुभांगी पटकन म्हणाली.

“थांब गं,” नवसाबाई पुढे सरसावली. “माझं आधी लिव्ह रे. मला बीपी हाय. मला ताईच लागतील.”

“मला तर तिच्याबिगर जिनाबी चढवत नाय,” धोंडाबाई गुडघा चोळत पुटपुटली.

सोमनाथ हसला. “एका माणसाचं नाव एकीपुढंच लावता येतं, काकू. तीन ठिकाणी कसं लावू?”

मग जी घासाघीस सुरू झाली, ती ऐकण्यासारखी होती. बीपी मोठं की बोटीवरची मळमळ, कोणाची तब्येत कधी दगा देईल, कोण घाबरट. वाटणीत बैल एक आणि घरं तीन व्हावीत, तसं झालं. बैलाला कोणी विचारत नाही. सिंधुबाई आपली पदराने मान पुसत भिंतीवरच्या निळ्या समुद्राच्या चित्राकडे बघत होती.

तशी तिला सवय होती. “सोबतीला सिंधू” हा त्या घराचा कायदाच होता. सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा सिंधू. नवसाबाईची बाळंतपणं, शुभांगीच्या नवऱ्याचा डेंगी, पुतण्याचा मोडलेला हात, प्रत्येक वेळी सिंधू. तिला कोणी ‘जाशील का’ असं विचारलं नाही. गाडी दारात यायची, आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरची नायलॉनची पिशवी काढून कोणीतरी तिच्या हातात द्यायचं. पिशवी कायम भरलेली. चादर, पंचा, स्टीलचा पेला, चमचा, साबणाची डबी, डासांची अगरबत्ती. नाशकातल्या कितीतरी दवाखान्यांच्या फरश्यांवर ती चादर अंथरली गेली होती. घरी आल्यावर चादर धुवायची, पिशवी भरायची, खिळ्याला लावायची. सिंधुबाई चांगली आहे, असं सगळे म्हणायचे. चांगल्या माणसाला थकवा येतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नसे.

“बरं, हे बघू नंतर,” सोमनाथ म्हणाला. “सिंधूकाकूंसोबत कोण?”

पंखा कुरकुरत होता. खाली कुणाच्या तरी झेरॉक्स निघत होत्या. शुभांगीने मोबाइल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

“मला ना, दवाखान्याचा वासच सहन होत नाही,” ती म्हणाली. “चक्कर येते. ताईंना माहीत आहे.”

“मला कुठं इंग्रजी येतं?” नवसाबाई म्हणाली. “तिथं डॉक्टर काय बोलला ते मला काय कळायचं?”

इंग्रजी सिंधुबाईलाही येत नव्हतं. पण ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. धोंडाबाई खाली मान घालून गुडघा चोळत राहिली.

“अगं, ताईंना काय होतंय?” नवसाबाईने विषय हसण्यावारी नेला. “त्यांना कधी सर्दीबी नाय.”

सिंधुबाईला एकदम त्या दसऱ्याची आठवण झाली. अपेंडिक्स फुटायला आलं होतं. दसरा तोंडावर, शेतं झेंडूने भरलेली. फुलवाल्यांच्या घरात त्या दिवसांत मेलेल्यालाही वाट बघावी लागते, असं सासूबाई म्हणायच्या. नवऱ्याने तिला दवाखान्यात पोचवलं, सही केली आणि टेंपो भरायला परत गेला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारचं स्टूल रिकामं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने तिचे ओठ ओल्या कापसाने पुसले. ती बाई कोण, कुठली, सिंधुबाईला आजही माहीत नाही. तिचा कोणावर राग नव्हता. झेंडू थांबत नाही, हे तिलाही कळत होतं. पण ते रिकामं स्टूल तिच्या मनातून गेलं नव्हतं.

“रिकामं ठेव रे,” ती म्हणाली.

“रिकामं चालत नाही, काकू. नाव घालावंच लागतं, नाहीतर मग साधा विमा घ्या. उद्या दुपारपर्यंत सांगा. नंतर तारीख जाईल.”

“उद्या सांगते,” सिंधुबाई म्हणाली, आणि उठून धोंडाबाईच्या काखेत हात घातला.

रिक्षात नवसाबाईने गप्पा वळवल्या. बोटीवर गाऊन चालेल का, साडीच नेसावी, जेवणात भाकरी मिळेल का. “आक्कांना मात्र बांधून न्यायला पाहिजे,” ती डोळा मिचकावून म्हणाली. “नायतर ऐन झेंडूत माहेरी पळाल्या होत्या तशा बोटीवरून पळतील.”

हा घरातला जुना विनोद. ऐन दसऱ्याच्या तोडणीत थोरली एक दिवस कुणाला न सांगता नाहीशी झाली होती. माहेरी भावाकडे जाऊन बसली असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि वर्षानुवर्षं तिला त्यावरून डिवचलं. धोंडाबाई नेहमीप्रमाणे हसली आणि बाहेर बघत राहिली.

दुपारी सिंधुबाई ओट्यावर गुलाबाच्या गड्ड्या बांधत बसली. बोटांना काटे टोचत होते, पण तेही आता तिला कळेनासे झाले होते. नवरा, खंडेराव, चहा पिता पिता म्हणाला, “काय झालं विम्याचं?”

“तिघींनाबी माझंच नाव पायजे.”

“मग दे की. तुला सवय हाय.”

“आन् माझ्यासोबत कोण?”

खंडेरावाने बशी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. पण विचार करायला त्याला वेळ लागायचा, आणि तोवर बायको दुसऱ्या कामाला लागलेली असायची.

“तुला काय होतंय?” तो शेवटी म्हणाला.

सिंधुबाईने पुढची गड्डी घेतली. आपण जाऊच नये, असं तिच्या मनात आलं. दुखतंय म्हणावं, पुतणीच्या घरी काम आहे म्हणावं. समुद्र काय, चित्रात बघितलाच. बोटीवरही जायचं ते कुणाच्या उशाशी बसायची तयारी ठेवून, मग घरीच काय वाईट? आणि मग तिला स्वतःचीच कीव आली, कारण तिला जायचं होतं. एकदा तरी भरलेल्या पिशवीशिवाय घराबाहेर पडायचं होतं. आणि त्याहून जास्त, कुणीतरी ‘हिच्यासोबत मी उतरेन’ म्हणावं, एवढं हवं होतं. उतरायची वेळ न येवो. नुसतं म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलं तोडून आली, तर थोरली ओट्यावर बसलेली. काठी बाजूला. साडीचा काठ पाटाच्या पाण्याने भिजलेला. पाटापलीकडच्या आपल्या घरातून ती बांधावरून चालत आली होती, आणि वाटण्या झाल्यापासून तिला या बाजूला पायी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

“आक्का, अहो फोन करायचा. मी आले असते.”

“तूच किती येशील?” धोंडाबाई म्हणाली. “पाणी दे आधी.”

पाणी पिऊन झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

“त्या सोम्याला सांग,” ती म्हणाली, “सिंधूसोबत धोंडाबाई.”

सिंधुबाईला हसू आलं. “आक्का, तुम्हाला उठता येतं का धड?”

“उठता नाय येत. बसता येतं. दवाखान्यात सोबतीला बसायचंच तर असतं.”

“परका मुलूख हाय तो.”

“मग? तिथं बाकडी नसत्यात का?” धोंडाबाईने पेला खाली ठेवला. “तुझं पोटाचं झालं ना, त्या दसऱ्याला. मी आले होते.”

“कुठं?”

“दवाखान्यात. झेंडूची पाटी बांधावर ठेवली आन् आले, रिक्षा करून. तुला डबा आणला होता, मऊ भात. वाचमन म्हणला, वरती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद हाय. जिना चढायला गेले. थोडं चढले, पण पुढं गुडघा उचलंना. आन् हात धरायला कोण? हात धरणारी तर वर निजलेली.” ती थांबली. “मग खालच्या बाकावर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सांना विचारत होते. शुद्धीवर आली म्हणाली एक जण, तवा निघाले. भाताला वास सुटला होता, कुत्र्याला घातला.”

सिंधुबाईने फुलांची पाटी बाजूला सारली.

“तुम्ही माहेरी गेला होतात म्हणून सगळे...”

“म्हणू दे.”

“सांगायचं तरी, आक्का! इतकी वर्षं!”

“काय सांगायचं? तुझ्यापर्यंत पोचले नाय, ते नायच. अर्ध्या जिन्यातून परत आले, हे काय मिरवायचं?” धोंडाबाईचा आवाज चिरकला, तसा तिने तो रागाने सावरला. “काल पोरानं विचारलं तवा जीभ रेटली नाय. म्हटलं, हसतील. लंगडी चालली सोबतीला. रातभर झोप नाय मग.”

सिंधुबाई तिच्याजवळ बसली. सिंधुबाईने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. कितीतरी वर्षं तिने ते स्टूल रिकामं समजून उराशी धरलं होतं, आणि त्याच्या खाली, तीन मजले खाली, कोणीतरी भाताचा डबा मांडीवर घेऊन बसलं होतं.

“आन् तुमच्यासोबत?” तिने विचारलं.

“तू. आणखी कोण? त्या दोघी एकमेकींचं बघतील. बीपी हाय न् चक्कर हाय, जोडी बरी जमतेय.”

“आन् आपण दोघी एकदम पडलो तर?”

“मग बोट जाईल पुढं,” धोंडाबाई म्हणाली, आणि दोघीही हसल्या. हसताना थोरलीने गुडघा धरला.

सिंधुबाईने सोमनाथला फोन लावला. नावं सांगितली. तो म्हणाला, “धोंडाकाकू? नक्की?” ती म्हणाली, “नक्की. लिही.” एवढ्या जोरात ती फोनवर कधी बोलली नव्हती.

जाताना धोंडाबाई स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबली.

“ती पिशवी काढ.”

“कशाला?”

“माझ्या घरी राहील आता. बोटीवर मी नेणार ती. तुझ्याकडं राहिली तर तू भरत बसशील.”

खिळा उंच होता, थोरलीचा हात पोचेना. सिंधुबाईनेच पिशवी काढून तिच्या खांद्याला अडकवली. आतला पेला चमच्यावर वाजला. दारामागच्या भिंतीवर पिशवीच्या आकाराचा डाग पडला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

धोंडाबाई बांधावरून निघाली. एका हातात काठी, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, दर पावलाला एका बाजूला झुकत. पाटापाशी आली तेव्हा सवयीने सिंधुबाई दोन पायऱ्या उतरली. थोरलीने मागे न बघताच हात वर केला, येऊ नको म्हणून. मग काठी पाण्यात रोवली, एक पाय टाकला, जरा थांबली, दुसरा टाकला आणि पलीकडे गेली.

सिंधुबाई परत वर आली आणि ओट्यावर बसली.