आजींच्या कवळीखालचा सुळा

मित्रांनो, भोपाळच्या साकेत नगरातल्या लीलावती आजी तुमच्यासमोर तोंडभर हसल्या, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. मी त्यांच्या खालच्या जबड्यातला उजवा सुळा आहे. आता माझे मूळ तेवढे उरले आहे आणि तेही कवळीखाली झाकलेले असते.

माझा जन्म उज्जैनचा. आजी तेव्हा परकर नेसत. मी जरा तिरका उगवलो म्हणून घरचे त्यांना चिडवत. पण ऊस सोलायची वेळ आली की सगळी भावंडे त्यांच्याकडेच धावत. मला केवढा अभिमान वाटे! पुढे त्या लग्न होऊन भोपाळला आल्या, शाळेत शिकवू लागल्या. सकाळी घाईघाईत दात घासायचे, रात्री दमून तसेच झोपायचे, दुखलेच तर लवंग दाबून धरायची. असे करता करता माझे शेजारी एकेक करून गेले. खाली मी आणि माझा डावा जोडीदार, असे दोघेच उरलो.

वरची कवळी बरी बसली. खालची मात्र आम्हा दोघांवर तारेचे आकडे अडकवून बसवलेली. ती सारखी डुले आणि घासागणिक आम्हाला ओढी.

निवृत्तीनंतर आजी दर रविवारी व्हरांड्यात आसपासच्या मुलांना मराठी शिकवत. या मुलांची शाळा हिंदीत, खेळ हिंदीत. ‘चमचा’तला ‘च’ ती ‘चहा’सारखा म्हणत. आजींच्या नातीचे नाव जुई. शाळेत तिला सगळे ‘जूही’ म्हणत. तिचे बाबा समीर भोपाळातच वाढलेले, त्यांच्याही तोंडी तेच बसले होते. “जिलबीतला ज नव्हे रे, जाळ्यातला ज!” आजी सांगत. ते नाव नेमके उच्चारत त्या फक्त आजीच.

एका रविवारी ‘झाड’ म्हणताना खालची कवळी निसटली आणि थेट पुस्तकावर पडली. मुले खो खो हसली. जुई हसली नाही. आजींनी कवळी पदरात घेतली आणि म्हणाल्या, “तुमच्या परीक्षा आल्यात. आता अभ्यास करा.” त्या दिवसापासून वर्ग बंद झाला.

त्यांचे बोलणेही आटले. जुईला हाक मारायची तर त्या टाळी वाजवू लागल्या. शेवटी एकदा जुई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“आजी, तू मला नावानं का नाही बुलावत? गुस्सा आहेस का?”

आजींनी प्रयत्न केला. जीभ पुढे आली, कवळी उचलली गेली, आणि शब्दाऐवजी नुसती हवा निघाली. जुईचे डोळे भरले. तिने बाबांना फोन लावला.

दातांच्या डॉक्टर मेघा यांच्या खुर्चीपाशी समीर म्हणाले, “दोनच तर उरलेत. काढून टाका आणि पूर्ण कवळी बसवा. आईचा त्रास तरी संपेल.”

ते ऐकून मी मुळापासून गारठलो. डॉक्टरांनी मला बोटाने हलवून पाहिले.

“मुळं चांगली घट्ट आहेत हो यांची,” त्या म्हणाल्या. “खालच्या कवळीला धरायला काही नसलं, तर जीभ तिला ढकलतच राहणार. मी हे दोन्ही सुळे हिरडीलगत कापते आणि वर धातूचं छोटं बटण बसवते. कवळी त्यावर टक्कन बसेल. शिवाय मुळं राहिली की जबड्याचं हाडही लवकर झिजत नाही.”

“म्हणजे माझे सुळे दिसणार नाहीत?” आजींनी विचारले.

“दिसणार नाहीत. पण कामाला येतील.”

आजींनी जिभेने आम्हा दोघांना एकदा चाचपले. मग म्हणाल्या, “करा.”

आधी माझी नस काढली आणि मग डोके कापले. उसाशी झुंजणारे माझे टोक गेले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? नवी कवळी आल्यावरही सुरुवातीला हिरडीला फोड आला, आजी वैतागल्या. डॉक्टरांनी कवळीची टोचणारी जागा घासून दिली, तेव्हा कुठे बरे वाटले.

मग एका दुपारी जुई शाळेतून आली, आणि स्वयंपाकघरातून खणखणीत हाक ऐकू आली, “जुई! हात धुऊन ये!”

कवळी जागची हलली नाही. दोन्ही बाजूंनी आम्ही तिला घट्ट धरले होते.

जुई दप्तरासकट आत धावली. “आजी, फिर से बोल ना!”

“जुई,” आजी म्हणाल्या. मग हसत हसत त्यांनी तिला जवळ ओढले. पुढच्या रविवारी व्हरांड्यात पुन्हा चटया अंथरल्या गेल्या.

मित्रांनो, आमचे काम अजून संपलेले नाही. मधे आजींनी कंटाळा केला, तर माझ्या जोडीदाराभोवतीची हिरडी सुजली आणि डॉक्टरांची बोलणी खावी लागली. आता त्या झोपण्यापूर्वी कवळी काढून धुतात, पाण्यात ठेवतात आणि आम्हा दोघांवरून मऊ ब्रश फिरवतात. तुमच्या घरातही कुणाचे एकदोनच दात उरले असतील, तर ‘आता काय कामाचे’ म्हणून ते काढायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तुमचे सगळे शाबूत असतील, तर आज रात्रीपासूनच घासा. आम्ही मागतो ती एवढीच दोन मिनिटे. त्या बदल्यात तुमच्या माणसांची नावे तुमच्या तोंडी शेवटपर्यंत नीट राहतील.