खालच्या आवाजाची वही

मी एक वही बोलतेय. आहे गाण्याची, पण माझ्यावरून गाणं म्हणून दाखवा, तुमची पंचाईत होईल! राहुरीजवळच्या आमच्या चर्चचं गायकमंडळ, म्हणजे क्वायर, चार आवाजांत अँथम नावाचं भक्तिगीत गायचं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. प्रत्येकाची वही वेगळी. मी बासची, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजाची. चाल सोप्रानोकडे, माझ्याकडे नुसती घरघर.

अंगद मास्तरांनी आम्हा चौघी बहिणींना हिरव्या शाईनं लिहिलं. त्यांचा एक हट्ट होता. "दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं न्हाई. आवाज घसरतो!" मास्तरांपुढं कोण बोलणार?

बाकीची गीतं सगळी मंडळी उभी राहून म्हणायची. अँथमला मात्र सगळे बसायचे आणि क्वायर एकटंच गायचं. कुणी कुरकुरलं, की बनुबाई मागच्या बाकावरून दटावायच्या, "आपल्या तोंडून जे निघत न्हाई, ते ही मानसं देवाला सांगत्यात. गप ऐका."

चाळीस वर्षं मी बास गाणाऱ्या कृपादानच्या हातात होते. पुढं मास्तर गेले, क्वायर पांगलं. कीबोर्ड आला, सगळे एकच चाल म्हणू लागले. वाईट नाही हो गात! पण मला कुणी विचारेना. माझ्या बहिणी कुणाच्या घरी राहिल्या, देव जाणे.

कृपादान ओट्यावर बसून मला उघडायचा आणि एकटाच गायचा. नात दिशा खिदळायची, "आजोबा, ही चाल हाय का विहिरीवरची मोटार?"

"बाकीचे तीन आवाज येऊ दे, मग बघ," तो म्हणायचा. डोळे मिटायच्या आधी चारही आवाज एकदा ऐकायचे, एवढंच त्याला हवं होतं. मलाही.

यंदा ईस्टरला नॅन्सीबाई आल्या, आमच्या जुन्या सोप्रानो. वही हरवलेली, पण चाल तोंडपाठ. दानार्पणाला दोघं पुढं गेले. सुरुवात झाली आणि मंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली! नव्वदीच्या बनुबाई कडाडल्या, "बसा खाली! हे ऐकायचं असतं."

सगळे बसले. नॅन्सीबाईंचा आवाज चिरकत होता, कृपादानचा थरथरत होता, पण काय गोड वाटलं म्हणून सांगू! मग ती जागा आली. तिथं सोप्रानो आणि बास थांबतात, मधले आल्टो आणि टेनरच गातात. चर्चमध्ये नुसता पंखा ऐकू येत होता. कृपादान डोळे मिटून बोटानं ताल मोजत राहिला. त्याला ते ऐकू येत असावं. मला नाही आलं.

घरी आल्यावर दिशा म्हणाली, "आजोबा, ते मधलं शिकवा की. मी गाते."

"मला माझंच येतं गं," कृपादान म्हणाला. "दुसऱ्याच्या वहीत आमी कवा बघितलंच न्हाई."

म्हणून तुम्हाला सांगते. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत हिरव्या शाईची वही सापडली, तर रद्दीत घालू नका. आमच्याकडं आणून द्या. पोर शिकायला तयार आहे, आणि कृपादानला परवा अठ्ठ्याऐंशी लागलं. जरा लवकर या.