दोन ओ

सर्जेरावानं ‘माला’ अशी हाक मारली की घरात दोन ओ उठायच्या. एक वनमालाची. दुसरी तिच्या पाठोपाठ, अगदी चिकटून, स्वयंपाकघराच्या बाजूनं यायची. जरा लांबवलेली, हातातलं काम न सोडता दिल्यासारखी. नऊ वर्षं वनमाला ती ऐकत होती आणि नऊ वर्षांत तिनं हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलणार तरी कुणाजवळ? वडवणीसारख्या गावात बाईला खुळी ठरवायला एवढंसं निमित्त पुरतं, आणि वनमालाचा तर पार्लरचा धंदा होता. खुळ्या बाईच्या हातात आपलं डोकं कोण देईल?

ओ कुणाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विजयमालाची. सर्जेरावाची पहिली बायको, तापानं तीन दिवसांत गेली, मागं नऊ वर्षांची योगिता ठेवून. वर्षभरानं वनमाला ह्या घरात आली. रीतीप्रमाणं नवरीचं नाव बदलायचं म्हणून ताटात तांदूळ पसरून झाले होते, सर्जेरावानं नाव लिहायला अंगठी हातात घेतली होती, तेवढ्यात सोयरीक जमवणारे विठ्ठलरावमामा म्हणाले, “नाव कावून बदलता? ती बी मालाच, ही बी मालाच. सर्जेरावाच्या तोंडात बसलेलं हाय. ऱ्हाऊ द्या.” सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. मंडळी हसलीसुद्धा. ताटातले तांदूळ कोरेच राहिले आणि वनमाला दुसऱ्या बाईच्या हाकेला ओ द्यायला लागली.

गळ्यात सवतीचा टाक आला तो त्याच दिवशी. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईचा मुखवटा उठवलेला. मेलेल्या सवतीला असं गळ्यात मान दिला की ती नव्या बायकोला त्रास देत नाही, असं म्हणतात. त्रास विजयमालानं कधी दिलाही नाही. वनमाला तिला मनातल्या मनात आक्का म्हणायची. पण नवरा हाक मारतोय ती आपल्याला की तिला, हे बाईला नऊ वर्षं कळू नये, ह्याला त्रास नाही तर काय म्हणायचं?

बाहेरच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक आरसा, एक फिरती खुर्ची, भिंतीवर ड्रायरचा खिळा. बीडला तीन महिने क्लासला जाऊन ती हे शिकली, पण खरं शिकली ती बायकांच्या डोक्यांवर. केसात बोटं घातली की तिला माणूस कळायचं. सरळ, दाट केसाची बाई आली की ड्रायरला चपटं तोंड लावायचं, मुळापासून टोकाकडं वारा सोडायचा आणि गोल ब्रशनं ओढत आणायचं. असे केस ऐकतात. विरळ केसाच्या बाईला मान खाली घालायला लावायची, मुळं बोटांनी उचलायची, मग डोकं भरल्यासारखं दिसतं. कुरळ्याचं मात्र सगळं उलटं. टॉवेलनं चोळायचं नाही, जुन्या मऊ सुती कापडानं नुसतं टिपायचं. ड्रायरला काटेरी वाटी बसवायची, केस खालून त्या वाटीत गोळा करायचे आणि अगदी बारीक वाऱ्यावर धीरानं सुकवायचे. आणि केस कुठलाही असो, शेवटी गार हवा. गरम हवेनं केस वळतो आणि गार हवेनं ते वळण लक्षात ठेवतो, असं क्लासच्या बाई सांगायच्या.

एवढं सगळं येत असून त्या काटेरी वाटीचं पुडकं तिनं कधी फोडलं नव्हतं. कुरळे केस तिच्या ओळखीत एकाच डोक्यावर होते. ते योगिताचं, आणि ते हुबेहूब आक्काचं होतं. भिंतीवर फोटो होताच ताडून बघायला.

ही गोष्ट अविधवा नवमीच्या दिवसाची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं ह्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. दरवर्षी शेजारच्या जाईबाईला आमंत्रण असायचं. सकाळीच वनमालानं तिला न्हाऊ घातलं, तिचे चार विरळ केस ड्रायरवर चांगले फुगवून दिले. जाईबाई आरशात बघून म्हणाली, “अगं, ह्या केसात तर मी आनखी एक लगीन करीन,” आणि हसत लुगडं बदलायला घरी गेली. एक वाजता ती जेवायला येणार होती. पुरणाचा स्वयंपाक झाकून तयार होता. सर्जेराव बसस्थानकाजवळच्या आपल्या खतांच्या दुकानात होता. घरात वनमाला आणि कॉलेजहून दोन दिवसांच्या सुटीवर आलेली योगिता, दोघीच.

योगिता न्हाऊन आली आणि खुर्चीत बसली. “मावशी, सरळ करून दे.”

“आजच्या दिवशी?”

“आजच. बाबा जेवायला यायच्या आत.”

वनमालानं चपटं तोंड लावलं. उजवी बाजू अर्ध्या तासात रेशमासारखी खाली उतरली. ती डाव्या बाजूला गेली आणि डावी होते न होते तोवर उजवी परत वळायला लागली. पुन्हा उजवी घेतली, तर डावी गेली. तिसऱ्यांदा कपाळावरची बट तिच्या डोळ्यांदेखत गुंडाळत वर चढली, तेव्हा तिनं हात टेकले. भादव्याची दमट हवा, दुसरं काय, असं तिनं मोठ्यानं म्हटलं. पण ड्रायरच्या आचेनं गळ्यातला टाक असा तापला होता की छातीला चटका बसला. तिनं तो घाईनं काढला आणि आरशाच्या खिळ्याला अडकवला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदा गळ्यातून उतरला होता.

“हे असं जमणार न्हाई,” योगिता म्हणाली. “तुझ्याकडं ती क्रीम हाय ना? कायमचे सरळ करायची. लाव.”

“कायमचे? कावून गं? लोकं असल्या केसासाठी पैसे मोजतेत.”

योगिता आरशात बघत राहिली. मग एकदम सांगायला लागली. मागच्या दिवाळीत ती गच्चीवर केस वाळवत उभी होती. बाबा जिन्यानं वर आले आणि पाठीमागून म्हणाले, माला. ती वळली. बाबांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडं सरळ बघितलेलं नव्हतं. जेवायला बसले तरी भिंतीकडं तोंड. फोन केला तर, मावशीला देतो.

“मी आईसारखी दिसते हा माझा गुन्हा हाय का, मावशी? आई गेली तवा गेली. आता बाबा बी गेल्यासारखे झालेत. केस गेले तर जाऊ दे. मला माझे बाबा पायजेत.”

वनमालानं कपाट उघडलं. क्रीमचा डबा समोरच होता. आता इथं खरं सांगायला पाहिजे: तिच्या मनात नुसती दया नव्हती. ह्या घरात आक्काचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते ह्या पोरीच्या डोक्यावर होतं. तासाभराचं काम. पोरगी स्वतःच्या तोंडानं मागतेय, कुणी नावं ठेवणार नाही. कदाचित ती दुसरी ओसुद्धा थांबेल. तिनं डबा उचलला, झाकण फिरवलं. तो उग्र वास खोलीभर झाला.

आणि तिला योगिताची मान दिसली. मानेवर ओल्या केसांचं एक बारीक वेटोळं चिकटलं होतं, तान्ह्या लेकराच्या डोक्यावर असतं तसं. हे वेटोळं कुणीतरी तेल लावून, बोटांनी सोडवून, नऊ वर्षं जपलं होतं. ते करणारी बाई हे सोडून जायला तयार नव्हती. तीन दिवसांत तिला न्यावं लागलं. वनमालाला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

तिनं झाकण घट्ट लावलं. खिळ्यावरच्या टाकाकडं बघून ती म्हणाली, “आक्का, पोरगी तुमची हाय. माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई.” मग खण ओढून काटेरी वाटीचं पुडकं फोडलं.

“डोळे मीट,” तिनं योगिताला सांगितलं. “उघडू नगंस.”

केस पुन्हा ओले केले, सुती कापडानं टिपले, वाटीत गोळा केले. काय केस होते ते! वाटीतून बाहेर पडलेली एकेक बट उड्या मारत खांद्यावर येऊन बसत होती. वनमाला भीती विसरली. नऊ वर्षं जवळ असलेल्या ह्या डोक्याला तिनं असा हात कधी लावलाच नव्हता. शेवटी गार हवेचं बटण दाबलं, आणि आरशात बघून तिच्या अंगावर काटा आला. खुर्चीत भिंतीवरचा फोटो बसला होता. मिटलेले डोळे, भरगच्च कुरळं डोकं आणि शेजारी खिळ्यावर हलणारा टाक.

तेवढ्यात लाईट गेली. ड्रायर बंद पडला. वरचा पंखा दोन फेरे घेऊन थांबला. घर एकदम गप्प झालं.

दारात चपला वाजल्या. सर्जेराव आला होता. ओसरीतूनच त्यानं हाक मारली, “माला.”

वनमालाच्या ओठांवर ओ आली, आणि तिनं ती गिळली. मुद्दाम. नऊ वर्षांत पहिल्यांदा. एकदा तरी बघायचंच होतं तिला, की आपण नसलो तर काय होतं.

एक श्वास गेला.

“ओ...”

स्वयंपाकघरातून. स्वच्छ, एकटी, जरा लांबवलेली, पुरणावरचं झाकण ठेवता ठेवता दिल्यासारखी.

योगितानं खटकन डोळे उघडले. सर्जेराव खोलीच्या दारात येऊन थांबला. त्यानं वनमालाकडं बघितलं, ती तोंड मिटून ड्रायर धरून समोरच उभी. योगिताकडं बघितलं, ती खुर्चीतून वळून स्वयंपाकघराकडं बघत होती. मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि चौकटीला पाठ टेकून तो सावकाश खाली बसला.

“तुमाला बी ऐकू आली?” त्यानं विचारलं.

दोघींनी माना हलवल्या.

“म्हंजे मी खुळा न्हाई,” तो म्हणाला आणि रडायला लागला. पन्नाशीचा, दुकानात गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसत रडत होता. “तू ओ दिली की मागून तिची येती. पहिल्या दिवसापासून. दिवाळीत गच्चीवर गेलतो, केस दिसले, तोंडातून निघून गेलं. तर ह्या पोरीचं तोंड बंद आन् तिच्याकडनं ओ आली. मला वाटलं, ही आता पोरीला बी घेऊन चालली. तवापासून पोरीकडं बघायचं धाडस होईना.”

“बाबा, मी मेले न्हाई,” योगिता म्हणाली.

सर्जेराव उठला. आधी त्याचा हात हवेतच राहिला, मग बोटं त्या कुरळ्यात बुडाली. “योगे,” तो म्हणाला, “किती वाढले गं केस.” एवढंच म्हणाला. योगितानं त्याच्या पोटात डोकं खुपसलं.

वनमाला मात्र स्वयंपाकघराकडं बघत होती. तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू जुळत आली, आणि जुळल्यावर तिला त्या मेलेल्या बाईची फार कीव आली.

“आक्का आपनहून एकदा बी आल्या न्हाईत,” ती म्हणाली. “आपनच बोलावतोय त्यांना. दिवसातून दहादा. पानी दे, माला. चष्मा कुठंय, माला. घरची बाई ती. हाक आली तर ओ देनार न्हाई तर काय करील? तिला जाऊ कुनी दिलंच न्हाई.”

बाहेर जाईबाईचा आवाज आला, “झालं का गं पान वाढून?”

सर्जेरावानं डोळे पुसले. वनमालाकडं बघून तोंड उघडलं, मिटलं. नऊ वर्षांची सवय जिभेवर होती. मग शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसं एकेक अक्षर सुटं करत तो म्हणाला,

“वन-माला.”

आपल्यालाच हाक मारली, हे कळायला तिला एक क्षण लागला.

“ओ,” ती म्हणाली.

आणि कान देऊन उभी राहिली. योगिताही थांबली, सर्जेरावही. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. पुरणाचा वास तेवढा येत होता.

वनमाला पान वाढायला आत गेली. ओट्याशी कुणी नव्हतं. पुरणावरचं झाकण जिथल्या तिथं होतं. हेच तर हवं होतं तिला इतकी वर्षं: आपलं नाव, आपली हाक, आपली एकटीची ओ. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग परत बाहेर येऊन तिनं खिळ्यावरचा टाक काढला. तो गार पडला होता. आता त्याची गरज नव्हती, तरी तिनं तो गळ्यात घातला, कारण त्या स्वयंपाकघरात तिला एकटीला जायचं होतं आणि नऊ वर्षांत ती तिथं एकटी कधी नव्हती.