हात पुसायचा तक्ता

"अब्बा, तेल काय वावर हाय का? मंग त्याले चौरस मिलिमीटरात काहून मोजतेत?"

हा प्रश्न भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर विचारून दाखव, अशी पैज निकिता आणि फरहाना या मैत्रिणींनी लावली होती, आणि शमाने तो विचारूनच टाकला! चहा पिणारे खो खो हसले. शमाचे अब्बा रहमतभाई यांनी प्रश्न हसण्यावारी नेत काळे हात पुसले. कशाला? माझ्या तोंडाला!

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा तक्ता आहे. उमरखेडच्या या गॅरेजात खिळ्याला लटकून माझा जन्म गेला आहे. छापखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो हो! डावीकडे तेलाच्या दाटपणाची जुनी विलायती मापं, चौरस इंच प्रति सेकंद. उजवीकडे आपली मेट्रिक, चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. आकडा लहान तर तेल पातळ, मोठा तर दाट. रहमतभाईंचे वडील मला वाचल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नसत. "हा आपल्या दुकानाचा मास्तर," असं ते म्हणायचे.

या मास्तराचं पुढे काय झालं ते ऐका. रहमतभाईंचे वडील वारले आणि मी फडकं झालो. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून चुन्याचं बोट माझ्या कानाला पुसलं, कोणी भज्यांचं तेल. एकाने तर शिंकून... शी! नकोच ते. माझ्या अंगावर ग्रीसचा थर चढला. त्यात माशीचे पाय चिकटले आहेत, नुसते पाय, माशी नाही. वाचत मात्र कोणीच नव्हतं. रहमतभाई तेल दोन बोटांत धरून गुळाच्या पाकासारखी तार काढत. "दाट तेल म्हंजे असली तेल," हा त्यांचा कायदा.

त्या पैजेच्या दिवशी हसू थांबतं न थांबतं तोच पुंडलिकराव आले. त्यांच्या जिनिंगात कापसाच्या गाठी बांधायचा जुना विलायती प्रेस आहे. दोनच दिवसांपूर्वी रहमतभाईंनी त्यात तार काढून दाट तेल भरलं होतं.

"रहमतभाई, पंप बोंबलून राह्यला! हात लावू देत नाही एवढा तापते. आज नाही जमलं तर उद्या मी यवतमाळचा मिस्त्री आणतो बाप्पा."

रहमतभाईंचा चेहरा पडला. तो प्रेस त्यांच्या वडिलांपासून याच गॅरेजाचा होता.

"पंपाच्या पाटीवर तेलाचं माप काय लिवलं हाय?" त्यांचा धाकटा भाऊ अब्रार याने विचारलं.

"शून्य पॉइंट शून्य सात चौरस इंच," पुंडलिकराव म्हणाले.

अब्रारने मोबाइल काढला. इंचाचे पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर, मग गुणिले तेवढेच. "पावणेदोन? भाईजान, हे तर रॉकेल झालं!"

"पाटी झूठी, असलेच इंच सांगणारा तक्ताबी झूठा," रहमतभाई चिडले. "फेक त्याले भंगारात!"

आयुष्यभर खोटं न बोललेला मी! अब्रारचा चिकट हात माझ्या गळ्यापर्यंत आला.

"थांबा चाचा!" शमा मध्ये घुसली. "पुंडलिककाका, वावराची लांबी दुप्पट केली अन् रुंदीबी दुप्पट, तर वावर किती होते?"

"चौपट. पण पोरी, इथं वावर कुठून आलं?"

"तेल वावर नाही, पण माप वावरासारखंच हाय. चौरस! चाचा, तुमी एकच बाजू गुणली. पंचवीस पॉइंट चार दोनदा गुणा."

अब्रारने गुणलं. "पंचेचाळीस!"

शमाने रॉकेलचं फडकं घेऊन माझं तोंड खसाखसा घासलं. वर्षानुवर्षांची घाण हनुवटीवरून ओघळली, काळी, पिवळी, खर्ऱ्याची लाल. ईऽ, आठवलं तरी शिसारी येते! आणि खाली माझी ओळ उजळली: १ चौरस इंच = ६४५.१६ चौरस मिलिमीटर.

"म्हंजे त्याच्या जवळचं, शेहेचाळीस नंबरचं तेल," रहमतभाई हळूच म्हणाले.

दाट तेल काढलं, नवं भरलं. संध्याकाळी जिनिंगातून फोन आला. पंप गार होता, प्रेस चालू होता आणि यवतमाळच्या मिस्त्र्याचं नाव कोणी काढलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. ज्याच्यावर काही लिहिलेलं आहे, त्याच्यावर हात पुसू नका. निदान पुसायच्या आधी वाचा तरी.

सवय मात्र वाईट. शमाची अम्मी सुग्राबी डबा घेऊन आल्या, तेव्हा जेवायला बसताना रहमतभाईंचा काळा हात पुन्हा माझ्याकडे वळला. शमा आडवी उभी राहिली.

"अब्बा, अम्मी, आयका. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकले जाणार, मशीनचं शिकाले. तवरी रोज शाळा सुटली की तेलाचं माप मी वाचीन. अन् या तक्त्याले कोणी हात पुसणार नाही." तिने फडकं अब्बांच्या हातात दिलं. "मी विचारून नाही राह्यली, सांगून राह्यली."