खाडीतले नगर आणि बाजू बदलणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे हा माझा धंदा आहे. कोणी रंगात येऊन बोलू लागला की मी वाजते. त्यामुळे माझ्यावर प्रेम करणारी माणसे थोडीच. मला त्याचे वाईट वाटते, पण स्वभावाला औषध नाही.

एका ओताऱ्याने मातीच्या साच्यात तापलेले पितळ ओतून मला घडवले. पुढे पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत मी लागले. जेवणाची सुट्टी मी जाहीर करत असे, म्हणून कामगार माझ्याकडे मोठ्या आशेने बघत. ते माझे सुखाचे दिवस. मग गिरणी बंद पडली आणि मालकाने मला वाचनालयाला देऊन टाकले. तिथे कृष्णकांत सरांनी मला उचलून वादविवाद मंडळाच्या टेबलावर ठेवले.

कृष्णकांत सर म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मंडळाचा एक जगावेगळा नियम होता. दोघांचे एकेकदा बोलून झाले की मी वाजायचे आणि दोघांनी बाजू बदलायची. आतापर्यंत ‘होय’ म्हणणाऱ्याने ‘नाही’ म्हणायचे, आणि तेही जीव ओतून. दुसऱ्याची बाजू मांडल्याशिवाय आपली कळत नाही, असे सर म्हणत. माझ्या एका टोल्यासरशी भले भले वक्ते उलटे फिरत, तेव्हा मला मोठा रुबाब वाटे.

न्हावा शेव्याचे बंदर सुरू होऊन थोडी वर्षे झाली होती. त्या सुमारास एका रविवारी विषय ठरला : खाडीत बुडालेले नगर खरोखर होते का? खाडीकाठच्या एका पाड्यावरचे कोळी सांगत, की फार पूर्वी तिथे एक भरलेले नगर होते. समुद्राने ते पोटात घेतले आणि अजूनही अवसेला पाण्याखाली त्याचे दिवे दिसतात.

‘होते’ म्हणायला कोमल उभी राहिली. ती त्याच पाड्यावरची. बंदराच्या भरावात पाडा गेला आणि तिच्या घरचे पनवेलला राहायला आले. ‘नव्हते’ म्हणायला निनाद होता. त्याचे वडील मुंबईला ऑफिसात जात आणि त्याने समुद्र पाहिला तो चौपाटीवरचा. पहिल्या रांगेत कोमलची आजी, गुणाबाई, बाजारातून मासळी विकून थेट येऊन बसली होती. टोपलीच्या वासाने शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या. गुणाबाई मग ऐसपैस बसली.

“माझी आजी म्हणते, समुद्र गाव बुडवत नाही, सांभाळून ठेवतो,” कोमल म्हणाली. “आमचा पाडासुद्धा आता त्याच नगरात राहायला गेलाय.”

गुणाबाईने मान हलवली. पाडा उठल्यापासून म्हातारीने याच एका समजुतीवर दिवस काढले होते. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही.

निनादने ‘नव्हते’ची बाजू मांडली, सरांनी मला वाजवले आणि बाजू बदलल्या. घोळ झाला तो इथेच. या नियमाबद्दल गुणाबाईला कोणी सांगितलेच नव्हते. निनाद आता ‘होते’ म्हणू लागला तेव्हा तिला वाटले, पोराला अक्कल आली. मग कोमल उठली. तिने एकदा आजीकडे पाहिले.

“ते नगर नव्हतं,” ती म्हणाली. “आमच्या जाळ्यात आजवर त्याचं एक खापरसुद्धा आलं नाही. दिवे कुणी पाहिले असं विचारलं, तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.”

गुणाबाई ताडकन उभी राहिली. “पोरी, आताच तर हाय म्हनलीस. आता नाय कशी म्हनतेस?”

“आजी, आमचा नियम आहे तो,” कृष्णकांत सर म्हणाले. “बाजू बदलावी लागते.”

“मंग आमचा पाडा कुटं गेला?” गुणाबाईने विचारले. ती सरांना नाही, नातीला विचारत होती.

मित्रांनो, मी पितळेची असूनही मला ते ऐकवले नाही. खरे तर कोमलला तिथेच थांबता आले असते. पण ती टेबलाला धरून उभी राहिली.

“आजी, नगर नव्हतं,” ती हळू म्हणाली. “पन आपला पाडा होता. नगराला साक्षीदार नाय, पाड्याला तू हायस. तू गप ऱ्हायलीस, तर पुढं हितंच आपल्या पाड्यावर वाद होईल. आनी नव्हता म्हननारा जिंकंल.”

कोमलची वेळ संपत आली होती. सरांनी मला हातात घेतले. एवढ्यात निनादने विचारले, “आजी, पाड्यात विहीर कुठे होती?”

गुणाबाई टेबलापाशी आली. तिने पाण्याचा पेला एका कडेला ठेवला. “ही बाव. गोड पानी हुता.” सरांचा चष्मा ठेवला. “ह्या बोंबील सुकवायच्या वलांडी. हितं भामाचा घर, तिच्या दारात शेवगा.” मग तिने सरांच्या हातातून मला काढून घेतले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले. “आनी हा गावदेवीचा देऊल.”

वेळ कधीच संपली होती. पण देवळाला कोण वाजवणार? गुणाबाई बोलत राहिली, पोरे विचारत राहिली. पाडा पुन्हा उभा राहिला आणि मी त्याच्या मधोमध होते. गिरणीतल्या सुट्टीनंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईने टेबल पुसायला सगळे उचलले आणि पाडा परत उठला. पुढे सर थकले, मंडळ मोडले. आता मी कपाटात असते, हिरवट पडलेली. मला चिंचेने घासलेत तर उपकार होतील. पण त्याआधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, विहीर कुठे होती, शेवगा कुणाच्या दारात होता. लवकर विचारा. वेळ संपली हे सांगणारी घंटा मीच आहे, आणि यावेळी मला वाजायचे नाही.