रिकाम्या वेळेचं दान

नवऱ्याने आपला फोन वैद्यकीय संशोधनाला दिला असं कळलं तेव्हा बायकोला आधी हसूच आलं. दिला म्हणजे कायमचा नव्हे. तो ज्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा तिथे एक पत्रक आलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की आपला फोन चार्जिंगला लावलेला असतो आणि कुणी वापरत नसतं, तेवढ्या वेळात त्याच्याकडून दुसरं काम करून घेता येतं. एका दुर्धर आजारावरच्या संशोधनातली गणितं इतकी अवाढव्य होती की ती बारीक तुकडे करून लाखो फोनांना वाटून द्यावी लागत. ॲप उतरवून घ्यायचं, फोन चार्जरला लावायचा आणि विसरून जायचं. पडद्यावर एक हिरवं वर्तुळ सावकाश भरत राही, भरलं की उत्तर परत जाई आणि नवा तुकडा येई.

"घरात कुणाच्या उपयोगी पडायचं म्हटलं की तुझी कंबर धरते," बायको म्हणाली. "फोन तरी पडू दे."

नवऱ्याला ते लागलं नाही. त्याला सहसा काही लागतच नसे, आणि सतरा वर्षांच्या संसारात बायकोची खरी तक्रार तीच होती. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर वाकून मेणात एकेक दात बसवणारा हा माणूस, ज्यांचे चेहरे कधी बघितले नाहीत त्यांना नीट हसता यावं म्हणून डोळे फोडायचा, आणि घरी आल्यावर समोर बसलेल्या चेहऱ्याकडे बघायला त्याच्यापाशी काही उरत नसे. बायको कपडे धुवून इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून कपडे अल्टर करायची, कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर. कधीकधी तिला वाटे, आपणच एकदा जबडा प्लास्टरमध्ये काढून त्याच्या टेबलावर ठेवून यावं, म्हणजे तरी तो आपल्याला निरखून बघेल.

एरवी सोफ्यावर भिरकावला जाणारा फोन आता संध्याकाळी सहा वाजता स्वयंपाकघरातल्या फळीवर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवला जाऊ लागला. महिनाभर हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी चहाचा कप उचलता उचलता नवरा म्हणाला, "आज तिला जरा बरं वाटतंय."

"कुणाला?" बायकोने विचारलं.

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विषय तिनेच काढला होता. आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. तो खोटं बोलत असता तर तिला कळलं असतं, खोटं बोलताना तो नेहमी कान चोळायचा. पण कान जागच्या जागी होता आणि तो निवांत चहा पीत होता.

पुढे ते वाढत गेलं. तिला ऊन सोसत नाही, असं पुटपुटत त्याने फळीजवळच्या खिडकीचा पडदा ओढला, तिला आवाजाचा त्रास होतो म्हणत मिक्सर दुसऱ्या टोकाला नेला, आणि दोन्ही वेळा विचारल्यावर काहीतरी भलतंच कारण सांगितलं. बायकोने पत्रक दोनदा वाचलं, मग त्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या मुलीने मायेने समजावलं की फोनवर कुणाही रुग्णाची माहिती येत नाही, नाव नाही, फोटो नाही, काहीच नाही. "नुसते आकडे असतात, मॅडम."

बायकोने नवऱ्याचे शर्ट तपासले. दुसऱ्या बाईचा हात लागलेला कपडा तिने शंभर कपड्यांतून ओळखला असता. लोकांची लफडी तिला त्यांच्या कॉलरवरून कळत आली होती. शर्ट स्वच्छ होते, आणि त्यामुळे तिचा आणखीच संताप झाला. भांडायचं तरी कुणाशी? ती जळत होती. जी कुठेच नव्हती, जिला चेहरा नव्हता, तिच्यावर ती जळत होती. तिच्या स्वतःच्या तापात या माणसाने कधी पडदा ओढला नव्हता.

शेवटी तिने तेच ॲप आपल्या फोनवर घेतलं आणि आपला फोन त्याच्या फोनला खेटून ठेवला. बघू तर खरं कोण आहे ही, एवढाच हेतू होता. पहिले दहाबारा दिवस काहीच झालं नाही, वर्तुळ भरलं आणि रिकामं झालं. मग एका दुपारी दुकानात एका पँटची शिवण उसवता उसवता तिच्या मनात आलं की आज तिने काहीच खाल्लेलं नाही. हे कुणाबद्दल आलं ते बायकोला तत्क्षणी कळलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो अभिमान. हे तिला कळलं होतं, आणि नवऱ्याला अजून कळलेलं नसणार.

त्या आठवड्यात तिने उरलेल्या लोकरी कापडाचं एक जाकीट बेतलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, पावती नाही, नाव नाही, हे कुणाचं? नात्यातल्या एकीचं आहे, बायको म्हणाली, आजारी असते, तिला सारखी थंडी वाजते. आणि माप कुठंय, असं मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कापड कापून, शिवून, काजं करून झाली होती आणि माप तिने घेतलेलंच नव्हतं. तरी जाकीट बरोबर होणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

घरी नेऊन तिने ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं. नवरा आला, त्याने ते पाहिलं. कुणाचं म्हणून त्याने विचारलं नाही. हात पुसून त्याने बाही चिमटीत धरली, कवळीचे दात घासूनपुसून झाल्यावर बोट फिरवून बघतो तसं शिवणीवरून बोट फिरवलं.

"बाही अर्धा इंच ढिली होईल," तो म्हणाला. "या चार दिवसांत आणखी वाळलीये ती."

त्याचं बरोबर होतं, हे ऐकताक्षणी बायकोला कळलं. तिने चार दिवसांपूर्वीचा हात शिवला होता. आजचा हात त्याला माहीत होता. त्याचा फोन नवा, वेगाचा. त्याचं वर्तुळ तिच्या आधी भरायचं. तिथे फळीसमोर उभं राहून ती पुन्हा जळायला लागली, फक्त या वेळी नवऱ्यावर, आणि हे तिला चमत्कारिक वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना तिने त्याच्या फोनवरून ॲप काढून टाकलं आणि त्याचा फोन फळीवरून उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन लावला.

तीन दिवस नवरा घरभर काहीतरी हरवल्यासारखा फिरला. कपाटं उघडी, बंद करी, आणि काय शोधतोयस विचारलं तर त्याला सांगता येत नसे. मग हळूहळू त्याला समोर बसलेली बायको दिसायला लागली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला दिसली, सुईने खरबडीत झालेली बोटं दिसली. तिच्यासाठी तो चहा करू लागला, दुकानात काय झालं ते विचारू लागला आणि उत्तर संपेपर्यंत ऐकू लागला.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात तिच्याजवळ स्टूल ओढून बसला. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"इतकी वर्षं तुझ्याकडे लक्षच दिलं नाही मी," तो म्हणाला. "आता मी आहे."

यासाठी तिने सतरा वर्षं वाट पाहिली होती. तिने आपला हात अलगद सोडवून घेतला.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"कुणाचा?" त्याने विचारलं, अगदी हळू, तिचं ऐकून.

तिला त्याची खरोखर दया आली. पण सांगितलं असतं तर ती वाटून घ्यावी लागली असती.