खुर्चीवरचा कोट

कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं... विभागप्रमुख डॉ. वाफुब्वांचा तपकिरी कोट, सकाळपासून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर — म्हणजे साहेब आहेत, इथेच कुठेतरी आहेत, आत्ता येतील. आणि साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खासगी कॉलेजात शिकवून दुसरा पगार मिळवणार. अख्ख्या एल्डोरेट शहराला ठाऊक आहे हे. कोट खुर्चीवर, माणूस गावभर. त्यांचे इथले तास मात्र त्याच विभागात शिकवणाऱ्या जेबिवोटच्या गळ्यात — तिचे स्वतःचे होतेच — शिवाय दाराशी कोणी आलं की हसून सांगायचं, आत्ताच बाहेर गेले हो, कोट आहे ना इथे.

ती कंत्राटावर, वर्षानुवर्षं. कायम करण्याची शिफारस वाफुब्वांनी करायची, आणि ते म्हणणार, होईल गं, घाई कसली... झोपताना छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. डॉक्टरीण म्हणाली, काम कमी करा, तेव्हा तिला हसूच आलं. कोणाचं कमी करू बाई, माझं की कोटाचं?

तिने सवयीने सुई ओवली. मागेही हे बटण तिनेच लावलं होतं, कोणी न सांगता — आणि त्या न सांगता केल्याचाच आता तिला संताप आला.

दारात डीन उभे होते. मागे किटली घेऊन चहावाली नाफुलामावशी.

"वाफुब्वा कुठायत?"

"कोट आहे, सर," तोंडातून आपसूक निघालं.

"मग कोटालाच चहा देते," मावशी पुटपुटली. "दूध जरा जास्त लागतं त्याला."

डीन हसले नाहीत. "मॅडम, उद्या कायम नेमणुकांची बैठक आहे. तुमच्याबद्दल वाफुब्वाच बोलणार आहेत. तेव्हा नीट आठवून सांगा."

म्हणजे यांनाही ठाऊक आहे... यांनाही कोटच हवाय.

"ते नाहीत, सर. सकाळपासून नाहीत. कालही नव्हते. त्यांचे तास मी घेते. आज दुपारचा घेणार नाही."

डीन निघून गेले.

"मेलीस आता," मावशी म्हणाली, आणि पहिला कप तिच्यापुढे ठेवला. "पी, गरम आहे तोवर."

खिडकीतून पोरं वर्गाकडे जाताना दिसली — बिचारी, त्यांचा काय दोष — आणि तिचे पाय खुर्चीखालून निघालेही... तिने ते परत मागे घेतले. सुईतला दोरा ओढून काढला. बटण लोंबकळत राहिलं. उद्या काय व्हायचं ते होवो; धोंडा अजून छातीवरच होता, पण आता तो कोणाचा आहे हे तिला कळलं होतं. तिने चहाचा मोठा घोट घेतला.

मी नाही उठणार. तासाला कोटाने जावं.